धूर कधी येतो ते आधी बघा: जुन्या गाडीचा धूर आणि थरथर कशी ओळखायची

माझ्या १९९८ च्या मारुती ८०० चं इंजिन मी एकदा विनाकारण उघडलं आहे. सायलेन्सरमधून निळा धूर यायचा आणि सिग्नलला उभं राहिलं की स्टेअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरायचं. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, दोनदा रेस केली आणि निकाल दिला, "रिंगा गेल्या. इंजिन काढावं लागतंय." मीही मान डोलावली. सिलिंडरचं बोअर झालं, पिस्टनच्या रिंगा झाल्या, बेअरिंगं झाली. दोन महिन्यांत सकाळचा निळा धूर परत हजर, आणि थरथर तर गेलीच नव्हती.

मग सोलापुरातल्या आमच्या पेठेतले एक म्हातारे मिस्त्री भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "साहेब, धूर कधी मारूलालीय? चालू करताना, का चढाला, का उताराला?" मला उत्तर देता आलं नाही. वर्षभर मी धूर बघत होतो, पण केव्हा येतो ते कधी बघितलंच नव्हतं.

शेवटी निघालं ते असं: व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक होऊन गेले होते आणि आधीच्या कामात जुनेच परत बसवले होते. थरथरीचं कारण होतं डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाकडे) जाणारा, टोकाला चिरलेला बोटभर रबरी पाइप. रिंगांशी दोन्हीचा संबंध नव्हता.

त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रांच्या जुन्या गाड्यांवर जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. यातलं बरंचसं काम प्लग पाना, पकड, टॉर्च आणि एक वही एवढ्यावर होतं. मुख्यतः पेट्रोल गाड्यांबद्दल आहे, कार्बोरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआयच्या (कॉम्प्युटर आणि इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या). डिझेलचं शेवटी थोडक्यात.

हात लावण्याआधी एवढं पाळा. बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. रेडिएटरचा पंखा विजेवर चालणारा असेल तर तो मध्येच आपोआप फिरायला लागतो, काही गाड्यांत तर चावी बंद केल्यावरही. त्यामुळे शर्टाची बाही, ओढणी, गळ्यातला टॉवेल त्याच्यापासून लांब.

पहिले दोन दिवस: नुसतं बघायचं

रात्री गाडी सपाट जागेवर लावा. सकाळी ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घाला, पातळी बघून वहीत लिहा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर तिथेच थांबा. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्याचा फेस ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपमधून) एअर फिल्टरकडे जातो आणि निळा धूर येतो. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून लिटरभर वर ओतलेल्या दोन गाड्या मी बघितल्यात. जास्तीचं ऑइल काढल्यावर धूर थोड्या दिवसांत गेला.

पट्टीला पेट्रोलचा वास येतो का तेही बघा. येत असेल तर कुठूनतरी जादा पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय.

आता घरातल्या कुणाला तरी सायलेन्सरच्या मागे, जरा बाजूला उभं करा. ॲक्सिलरेटर न दाबता गाडी चालू करा. पहिल्या पाच सेकंदांत काय आलं, रंग कोणता, दोन मिनिटांनी काय राहिलं, सगळं लिहा.

मग गाडी पूर्ण गरम करून सात रस्त्याच्या सिग्नलला किंवा अशाच ठिकाणी तीन-चार मिनिटं स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) उभी राहू द्या. निघताना आरशात बघा.

तिसरी चाचणी मला सगळ्यात जास्त आवडते, आणि ती सोलापूरकरांना फुकट मिळाली आहे: तुळजापूरचा घाट. घर सोडलं की ४५ किलोमीटरवर तुळजापूर, त्याच्या अलीकडे चढ. मागे मित्राला दुसऱ्या गाडीत ठेवा. चढताना जोर लावल्यावर धूर येतो का ते त्याने बघायचं. परतीला उतारावर गिअरमध्येच, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी खाली येऊ द्या आणि खाली आल्यावर एकदम दाबा. त्या क्षणी मागच्याला काय दिसलं ते विचारा. नवरात्र ते कोजागरी हा रस्ता चालत जाणाऱ्या भक्तांचा असतो, तेव्हा हा प्रयोग नको. एरवी पहाटे लवकर जा, चाचणी होईल आणि दर्शनही.

निळा धूर: कोणत्या वाटेने ऑइल जळतंय?

निळसर, डोळ्याला चुरचुरणारा, कढईत तेल करपल्यासारख्या वासाचा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइल जळायच्या जागेपर्यंत दोन मुख्य वाटांनी पोचतं. वरून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून गळून. किंवा खालून, म्हणजे रिंगा ओलांडून. वरची वाट असेल तर फक्त हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं काम. खालची असेल तर पूर्ण इंजिन.

सकाळी चालू करताना निळा भपका आला आणि मिनिटभरात गेला, तर बहुधा व्हॉल्व्हचे ऑइल सील. रात्रभर ऑइल थेंबथेंब खाली उतरून बसलेलं असतं, ते सुरुवातीलाच जळून जातं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर दाबलं की भपका येत असेल तरी तीच शंका, कारण ॲक्सिलरेटर बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) ओढ सगळ्यात जास्त असते आणि सैल सीलमधून ती ऑइल खेचते. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना येणारा ढगही याच घरातला. फक्त सील गेलेत की व्हॉल्व्हचे गाइडही झिजलेत, हे हेड उतरवल्यावर व्हॉल्व्ह हलवून कळतं. गाइड ढिले असतील तर नुसते नवे सील फार दिवस टिकत नाहीत.

चढाला, जोर लावला की धूर वाढतो, रेस धरून ठेवली तरी येतच राहतो, तर रिंगा आणि बोअरकडे संशय वळवा. याची घरगुती खूण अशी: इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि ऑइल टाकायचं झाकण अलगद सैल करा. थोडी हवा येणं, झाकण किंचित नाचणं हे जुन्या गाडीत चालतं. पण तिथून धुराचे फुत्कार येत असतील, झाकण उडवल्यासारखं होत असेल, तर जळालेला गॅस रिंगांवरून खाली उतरतोय. आपले मिस्त्री याला "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात. ऑइल उडू शकतं, तोंड लांब ठेवा.

मात्र एवढ्यावरच इंजिन उघडायला होकार देऊ नका. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारा ब्रीदरचा पाइप आधी काढून बघा. तो काजळी-चिकटाने तुंबला असेल, किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा गॅस परत इंजिनकडे नेणारा) असलेल्या गाडीत तो अडकला असेल, तर धडधाकट इंजिनसुद्धा बॅक कॉम्प्रेशन मारल्यासारखं वागतं आणि ऑइल खातं. पाइप पेट्रोलने धुवायचा, वाळवायचा, परत लावायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. हे न करता इंजिन काढायला सांगणाऱ्याकडे मी परत जात नाही.

ऑइल किती खाते ते मोजाच. वरच्या खुणेपर्यंत भरून पुण्याला जाऊन या, साधारण ५०० किलोमीटर होतात. आल्यावर रात्रभर थांबून, त्याच सपाट जागेवर, मोजून ऑइल भरत परत खुणेपर्यंत न्या. १०० मिलीलिटर लागलं तर जुन्या गाडीला ते माफ आहे. अर्धा लिटर लागलं तर हजार किलोमीटरला लिटर झालं, तिथे काम काढावंच लागेल. आणि ऑइल कमी होतंय पण धूर कुठेच नाही, तर आधी गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर गळती बघा.

पांढरा धूर: सोलापूरच्या हवेची मदत घ्या

पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. थंड सायलेन्सरमध्ये ते साचतं, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, जानेवारीच्या पहाटे, पांढरी वाफ होऊन दिसतं. इंजिन गरम झालं की जाते. त्याला काही करायचं नाही. सायलेन्सरच्या टोकाला चार थेंब पाणी टपकणं हेही तसंच.

पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तेव्हा ही नैसर्गिक वाफ दिसतच नाही, बाहेर पडल्या पडल्या विरते. त्यामुळे सोलापुरात भर उन्हाळ्यात, गरम गाडीतून पांढरा दाट धूर दिसला तर त्याला "थंडीमुळे असेल" म्हणायची सोय नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरचं पाणी, जळतंय असं धरूनच चाला.

आपल्याकडे याचं मूळ बरेचदा रेडिएटरमध्ये असतं. नळाला पाणी काही दिवसांआड, ते घरात पुरवायचं. गाडीला मग बोअरचं पाणी. ते जड, क्षाराचं. बोअरच्या पाण्याने बादलीला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या तुंबतात, गाडी गरम होते, हेड वाकतं, त्याच्याखालचं हेड गॅस्केट जातं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचा खर्च याच्यापुढे चहापाण्याइतका आहे.

हेड गॅस्केटची खात्री अशी करा. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे सकाळचंच. रेडिएटरचं झाकण उघडा, पाणी वरपर्यंत भरा, गाडी चालू करा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे निघतील. ते थांबायला हवेत. सतत, लयीत बुडबुडे येत राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. दुसरी खूण: झाकण लावून थंड गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा रेडिएटर पाइप दगडासारखा टणक होणं. इंजिन अजून गरमही झालेलं नसताना हा दाब आला कुठून? काही चांगल्या गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करतात. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरतात, जळालेला गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो. ती मिळाली तर जरूर करून घ्या.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात. नवी पेठेपर्यंत जाऊन परत येणाऱ्या, कधी नीट गरमच न होणाऱ्या गाडीत हिवाळ्या-पावसाळ्यात अशी साय नुसत्या दमटपणानेही धरते. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ आहे का, रेडिएटरची पातळी कमी होते का, हे दोन्ही बघूनच ठरवा. पट्टीवरचंच ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालं असेल तर मात्र गाडी एक मीटरही चालवू नका. बेअरिंगं जातील.

काळा धूर

हा त्यातल्या त्यात गरीब. पेट्रोल जास्त, हवा कमी, एवढाच अर्थ. गाडीची चिमणी झाली असं आपण सहज म्हणतो. (सोलापुरात हा शब्द जपून वापरावा लागतो, जून २०२३ मध्ये विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडल्यापासून चहाच्या टपरीवर त्यावरून अजून दोन तट पडतात.)

आधी एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. कापसाच्या, धुळीच्या या गावात पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या अर्ध्यातच तो भरतो. मग चोक. केबल पूर्ण आत जाते का, आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची चोकची पट्टी खरोखर उघडते का, हे डोळ्यांनी बघा. केबल आत गेली म्हणजे पट्टी उघडली असं नसतं. त्यानंतर कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारे फ्लोट आणि नीडल: ते अडकले तर पेट्रोल ओसंडतं, गाडी गरम असताना चालू व्हायला त्रास देते, पेट्रोलचा वास येतो. एमपीएफआय असेल तर कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि गळके इंजेक्टर. तो तापमानाचा सेन्सर बिघडला तर कॉम्प्युटरला इंजिन कायम थंड वाटतं आणि तो मेमध्येसुद्धा जानेवारीसारखं पेट्रोल सोडत राहतो.

थरथर: मिसिंग आहे की नुसतं हलतंय?

तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरच्या तुलनेत जात्याच जास्त हलतं. मारुती ८०० वाल्याने शेजाऱ्याच्या होंडा सिटीवर हात ठेवून तुलना करू नये. प्रश्न हा की आधीपेक्षा जास्त हलतंय का.

इंजिन स्लोवर ठेवून सायलेन्सरच्या टोकाशी वहीचा एक कागद धरा. फुंकर एकसारखी, लयीत येत असेल आणि तरीही गाडी थरथरत असेल, तर इंजिनचे माउंट बघा. रबर फाटलेलं, दबलेलं असतं. ब्रेक घट्ट दाबून गाडी जराशी गिअरवर घ्यायला लावली की इंजिन उडी मारल्यासारखं उचललं जातं. समोर कुणी उभं राहू नका.

फुंकर मध्येच चुकत असेल, ठरावीक ठेक्याने, तर एकच सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे नीट पेटत नाही. कसाही, कुठेही चुकत असेल तर सगळ्यांना मिळणारं मिश्रण किंवा करंट यात दोष. आणि कागद मध्येच आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला असण्याची शक्यता मोठी.

कोणता सिलिंडर ते शोधायला डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत रबरी मुठीच्या पकडीने एकेक प्लगची वायर क्षणभर काढायची. जी काढल्यावर इंजिन आणखी अडखळतं तो सिलिंडर काम करतोय. जी काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो मुळातच झोपलेला. झटका सणसणीत बसतो, कोरडा हात, कोरडी जमीन. एमपीएफआय गाडीत वायर ओढू नका. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचं सॉकेट काढा, म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळणार नाही.

सापडला? आता त्याचा प्लग शेजारच्या चांगल्या सिलिंडरशी अदलाबदल करा. मिसिंग प्लगबरोबर पळालं तर प्लगच गेला. जागेवरच राहिलं तर वायर बदलून बघा. तरीही जागेवरच, तर कॉम्प्रेशनकडे या.

रात्री अंधारात बोनेट उघडून चालू इंजिनवर फवारणीच्या बाटलीने अगदी हलकं पाणी मारलं की कुजलेल्या वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. पावसाळ्यातच थरथरणाऱ्या गाडीचा रोग असा दोन मिनिटांत सापडतो.

प्लग काढल्यावर वाचायचा कसा

सलग वीसेक किलोमीटर चालवून, गाडी थोडी निवल्यावर प्लग काढा. सकाळी चालू करून लगेच काढलेला प्लग खोटं बोलतो, तो काळाच दिसणार. काढायच्या आधी भोवतीची धूळ फुंकून टाका. काढलेले प्लग जुन्या चादरीच्या तुकड्यावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा.

भाजलेल्या विटेसारखा किंवा फिक्या कॉफीसारखा रंग असेल तर तब्येत ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे मिश्रण जाड. ओला, चिकट, ऑइलने माखलेला प्लग म्हणजे निळ्या धुराचा पुरावा, आणि तो एकाच सिलिंडरचा असेल तर जागाही कळली. पांढरट, टोक फुगलेलं किंवा वितळल्यासारखं म्हणजे मिश्रण पातळ, इंजिन तापतंय. बाकीचे मळके आणि एकच धुऊन काढल्यासारखा लखलखीत असेल तर त्यावर खूश होऊ नका, तिथे कूलंट शिरून वाफेने तो धुतला जातोय.

हवा कुठून चोरली जातेय

माझ्या गाडीचा रोग हाच होता, त्यामुळे यावर माझा जीव जरा जास्त आहे. कार्बोरेटर किंवा थ्रॉटलच्या पुढे कुठेही भोक पडलं की न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं. स्लोवर थरथर, वेग घेतला की जवळजवळ ठीक, ही त्याची ओळख, कारण स्लोवर एकूण हवाच इतकी कमी असते की चोरीची हवा तिच्यात मोठा वाटा उचलते.

सोलापूरच्या उन्हात बोनेटखालचं रबर भाकरीसारखं कडक होतं. प्रत्येक बारीक पाइप दोन बोटांत वाकवून बघा, विशेषतः टोकाला. ब्रेक बूस्टरचा जाड पाइपही. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप पकडीने हलकेच दाबा. दाबल्यावर स्लो सुधारला तर त्याच पाइपच्या पुढे गळती. मॅनिफोल्डच्या गॅस्केटसाठी सांध्यावर पाण्याची बारीक फवारणी करा. इंजिनचा आवाज बदलला की जागा सापडली. बरेच मिस्त्री इथे कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल उडवतात. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. मी ते करत नाही.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर सोन्याहून पिवळं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच पारा दाखवतं. आपण साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहोत, म्हणून दीडेक इंच कमी धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. काटा ठेक्याने झटके देत असेल तर व्हॉल्व्ह.

इथे आणखी एक गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप पातळ होतं आणि ते सुधारायला तिथे सेन्सर नाही. जुनं रबर आणि कार्बोरेटरच्या गॅस्केट यांनाही ते मानवत नाही, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर भरतो. अलीकडेच थरथर सुरू झाली असेल तर पेट्रोल फिल्टर बदला, पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला आणि मग मिश्रणाचा स्क्रू जुळवून घ्या. क्रम उलटा करू नका.

उन्हाळ्यात टेंभुर्णीला चहाला थांबलात आणि नंतर गाडी चालूच होईना, झाली तरी अडखळली, तर तो वेगळा प्रकार. बोनेटखालच्या तापात पंपात-पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओला टॉवेल ठेवा, दहा मिनिटं बोनेट उघडं ठेवा. टॉवेलला सोलापूरकराकडे काय तोटा!

टॅपेटचंही, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या फटीचंही, विसरू नका. वाजणारा टॅपेट सगळ्यांना ऐकू येतो, घट्ट झालेला गप्प असतो आणि तोच व्हॉल्व्ह जाळतो. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर थरथर वाढते, तर पुस्तकात दिलेल्या मापाने फीलर गेज लावून टॅपेट सेट करा. गॅस किट लावलेल्या गाडीत हे जास्त वेळा. अशा गाडीत पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर स्लो तपासा, फक्त गॅसवरच थरथर असेल तर इंजिनला दोष देऊ नका, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसचं सेटिंग बघा. एमपीएफआयमध्ये थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि स्लो सांभाळणारा व्हॉल्व्ह साफ करणं हे पहिलं काम. २०१० आधीच्या बऱ्याच गाड्यांना बाजारातलं स्वस्त स्कॅनर जोडून काहीच दिसत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवण्याआधी जोडून बघा.

पीयूसीचा (प्रदूषण तपासणीचा) कागद फेकू नका

त्यावरचे दोन आकडे म्हणजे स्वस्तातली लॅब आहे. भारत स्टेज (बीएस) २ या प्रदूषण नियमांच्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा, त्यानंतरच्या बीएस २ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. गाडी पास झाली की आपण कागद डॅशबोर्डमध्ये टाकतो. त्याऐवजी वाचा. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण जाड. तो कमी पण हायड्रोकार्बन चढलेला, म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय: मिसिंग, हवेची गळती किंवा जळका व्हॉल्व्ह. दोन्ही चढलेले असतील तर आधी एअर फिल्टर, चोक आणि प्लग. अर्थात हे तेव्हाच, जेव्हा नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल.

कॉम्प्रेशन: इंजिन उघडण्याआधीचा शेवटचा दरवाजा

इंजिन गरम. सगळे प्लग बाहेर. कॉइलची जोडणी काढलेली, एमपीएफआयमध्ये इंजेक्टरचीही. बॅटरी भरलेली. एकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा, पाच-सहा ठोके, प्रत्येक सिलिंडरला सारखेच. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं माप रद्द, आणि ही चूक गॅरेजमध्येही सर्रास होते.

चांगलं पेट्रोल इंजिन साधारण १५० ते १८० पीएसआय देतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला. पण आकड्यापेक्षा आपसातला फरक जास्त बोलतो. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. समजा १६०, ११०, १५८ आले. मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घाला, दोनदा स्टार्टर फिरवा, परत माप घ्या. ११० चे १४५ झाले तर ऑइलने रिंगांची फट भरली, म्हणजे रिंगा किंवा बोअर. ११२ वरच अडकलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले आणि ऑइलनेही न उठणारे, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट.

ही मापं स्वतःसमोर घ्यायला लावा आणि वहीत लिहा. चाचांनी माझ्या गाडीची घेतली तेव्हा तिन्ही सारखी आली, नव्या रिंगाच होत्या. "आता पहिल्याची मापं कुठायत साहेब?" त्यांनी विचारलं. नव्हतीच. घेतलीच नव्हती.

सगळी मापं चांगली, बॅक कॉम्प्रेशन नाही, पण सकाळी आणि उताराला निळा भपका: फक्त हेड उतरवा, ऑइल सील बदला, गाइड तपासा, व्हॉल्व्ह ग्राइंड करून घ्या. हेडच्या खालच्या बाजूला सरळ पट्टी लावून ते वाकलंय का बघा. जुने सील परत बसवले नाहीत याची खात्री म्हणून काढलेले सील मागून घ्या, नखाने दाबले की प्लॅस्टिकसारखे टणक लागतील.

डिझेलवाल्यांसाठी

जुनी इंडिका किंवा सुमो एकदम दाबल्यावर थोडा काळा धूर देणारच. सतत काळा असेल तर एअर फिल्टर, मग इंजेक्टरचे नोझल तपासायला डिझेलचे पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे. थंडीत सकाळी पांढरा धूर आणि डोळे झोंबवणारा कच्च्या डिझेलचा वास म्हणजे हीटर प्लग किंवा कमी कॉम्प्रेशन. अडखळत चालू होऊन थरथरत असेल तर लाइनने हवा धरली आहे का बघा, फिल्टरवरचा हातपंप मारून. एकेका इंजेक्टरचा नट सैल करून मिसिंग शोधायची पद्धत फक्त जुन्या पंपाच्या इंजिनांसाठी. कॉमन रेलवर ते अजिबात करू नका, तिथल्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. टर्बो असेल आणि धूर निळा, तर रिंगांआधी टर्बोचे पाइप सोडून आत ऑइल किती साचलंय ते बघा.

काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर गाडी तापवू नका, फार रेस करू नका आणि एकाच वेगाने ताणूही नका. त्यानंतर ऑइल-फिल्टर बदला, टॅपेट परत तपासा. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळून जाईपर्यंत आठवडाभर थोडा धूर राहतो, त्याने घाबरू नका. मग पुन्हा एकदा पहाटे तुळजापूर, मागे तोच मित्र, आणि वहीत जुन्या नोंदीखाली नवी.